हजारात एक कमी

मी ज्या कारखान्यात लागले तिथे दोन कामं चालायची. मोठ्या शेडमध्ये रेझिन बनायचं, म्हणजे पाण्यातला खारटपणा ओढून घेणारे मधाच्या रंगाचे दाणे, मोहरीहूनही बारीक. मागच्या लहान शेडमध्ये लिथियमचे क्षार. ते आम्ही बनवत नव्हतो. बाहेरून ड्रम यायचे, आम्ही माल शुद्ध करून, वाळवून पुन्हा पिशव्यांत भरायचो. काही माल ग्रीसवाल्यांकडे जायचा, काही औषधवाल्यांकडे. ज्यांच्या मनाचा तोल जातो अशा माणसांना लिथियमच्या गोळ्या देतात, हे मला तिथेच कळलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी. होऊन वर्षभर घरी बसले होते. आम्ही उल्हासनगरला राहायचो. बाबा नगरपालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. मला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात पेढे वाटले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "पोरगी लॅबमध्ये आहे." लॅब म्हणजे अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीत, पत्र्याखालची एक खोली. दोन ओटे, एक तराजू, एक ओव्हन आणि खिडकीतून दिसणारा वालधुनीचा नाला. त्याचं पाणी दर दिवशी वेगळ्या रंगाचं असायचं. माझ्याशिवाय तिथे फक्त आमचे मुख्य केमिस्ट बसत. आम्ही त्यांना सर म्हणायचो.

सर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. बदलापूरहून यायचे, बारीक अंगाचे, नेहमी पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. कधी आवाज चढवायचे नाहीत, पण आकडा चुकला की तो कागद माझ्यासमोर ठेवून, काही न बोलता, खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. ते मला ओरडण्यापेक्षा कठीण जायचं.

दुसऱ्या वर्षी लिथियम कार्बोनेटचे अकरा नवे ड्रम आले. नेहमीसारखा नमुना काढून मी तपासायला घेतला. वजन करायचं, आम्लात विरघळवायचं, किती आम्ल लागलं ते मोजायचं आणि त्यावरून माल किती शुद्ध ते काढायचं. जुन्या मालाचा आकडा शंभराच्या अगदी जवळ खेळायचा. नव्या मालाचा आकडा नव्याण्णव पूर्णांक नऊवर अडकला. हजारात एक कमी. दुसऱ्या ड्रमलाही तेच, पाचव्यालाही तेच.

सरांनी कागद पाहिला. खिडकीपाशी गेले.

"ओलावा असेल, सर," मी म्हटलं.

"मग वाळव."

मी रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलेला नमुना सकाळी घेतला. तोच आकडा. क्लोराइड तपासलं, सल्फेट तपासलं, सोडियम तपासलं. माल स्वच्छ होता. आमच्याकडे त्याच्याइतका स्वच्छ माल क्वचितच आला असेल. तरीही हजारात एक कमी. चार दिवस मी तेच करत होते. पिपेट धुतली, ब्युरेट बदलली, आम्ल नव्यानं बनवलं. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "हात स्थिर नाही तुझा. लक्ष कुठे असतं?" आणि मी ओट्यामागच्या मोरीत जाऊन रडले. घराण्यातली पहिली शिकलेली पोरगी, आणि हिला साधं मोजता येत नाही, असं आता सर सगळ्यांना सांगणार, एवढंच डोक्यात होतं.

शुक्रवारी आमच्या भागात कारखान्यांची वीज बंद असायची, म्हणून सुट्टीही शुक्रवारी. शनिवारी मी आले तेव्हा सर माझ्याआधी आले होते. बाह्या दुमडून ते स्वतः ब्युरेटसमोर बसले होते. मी त्यांना बाह्या दुमडलेलं पहिल्यांदाच पाहत होते. शेजारी कागदावर सहा आकडे लिहिलेले होते. सहाही नव्याण्णव पूर्णांक नऊच्या आसपास.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. पुढे मात्र माझ्याकडे न बघता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हे बरं नाही."

दुपारी डबा खाताना त्यांनी मला समजावलं. त्यांच्या डब्यात भाजलेले शेंगदाणे होते. ते झाकणात ओतून त्यांनी बोटानं पसरले.

"हे सगळे शेंगदाणेच. चव एक, गुण एक. पण शंभरातले सातएक जरा बारके असतात. लिथियमचं तसंच आहे. एक हलकं, एक जड. जमिनीतून निघतं तेव्हा दोन्ही मिसळलेलं असतं, आणि ते मिसळलेलं आहे असं धरूनच आपण पुस्तकातलं वजन वापरतो." मग त्यांनी बारके दाणे एकेक करून वेचून बाजूला काढले. "आता उरलेले मोज. मूठभर वजनात दाणे कमी भरणार, कारण प्रत्येक दाणा मोठा. आपल्या मालात खोट काहीच नाही. त्यातलं हलकं कुणीतरी आधीच काढून घेतलंय. आपल्याकडे आलाय तो उरलेला."

"कुणी काढलं?"

"ते मला काय माहीत?"

"पण हलकं कशाला लागतं, सर?"

त्यांनी वेचलेले दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. "अणुभट्टीच्या कामाला येतं," ते म्हणाले. "आणि बाँबला. मोठ्यातल्या मोठ्या बाँबला."

मी हसले. मला वाटलं चेष्टा आहे. अंबरनाथच्या पत्र्याखाली, बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, आणि सर शेंगदाणे खात बाँबचं बोलतायत. सर हसले नाहीत.

ड्रम ज्यांच्याकडून आले ते व्यापारी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये बसायचे. सिंधी शेठ, आमच्याशी दहा-बारा वर्षांचा व्यवहार, माणूस सरळ. रस्ता मला माहीत म्हणून सर मला बरोबर घेऊन गेले. पुढे दुकान, मागे गोदाम. दोन्हीकडच्या शिलाई मशीनच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"साईं, माल में खराबी है क्या?" शेठनी विचारलं.

"खराबी नाही. कुठून आला एवढंच सांगा."

"गोदी के नीलाम से. किसीने छुडाया नहीं, पडा था. मैंने उठा लिया." मग त्यांनी सरांचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "एक बात बोलूं? तीन दिन पहले और एक आदमी आया था. यही पूछ रहा था, ग्यारह ड्रम किसको दिये. मैंने समझा इन्कम टॅक्सवाला है. आपका नाम दे दिया."

कारखान्यात परतल्यावर सर थेट मागच्या शेडमध्ये गेले आणि ड्रमांभोवती फिरले. मीही मागून गेले. प्रत्येक ड्रमवर एका जागी राखाडी रंगाचा पट्टा मारलेला होता. खाली काहीतरी लिहिलेलं होतं ते दिसू नये म्हणून. आम्ही ते इतके दिवस बघत होतो आणि कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सरांनी चाकूनं एका ठिकाणी खरवडून पाहिलं. रंगाखालचं लिखाणही आधीच घासून काढलेलं होतं.

त्या दिवशी सरांनी ड्रम तसेच ठेवून गप्प बसायला हवं होतं. ते मी आज म्हणते. तेव्हा मला त्यांच्याबरोबर पुढचं बघायचं होतं.

सरांना खात्री करून घ्यायची होती. शिवाय दुसरंही काही होतं, ते त्यांनी एकदाच बोलून दाखवलं. "तीस वर्षं पाण्याचा खारटपणा मोजला," ते म्हणाले. "कॉलेजात माझ्या बाकावर बसणारा आज मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत आहे. त्याच्याकडे असलं यंत्र आहे की अणू अणू वेगळा करून मोजतं. आपल्याकडे काय आहे? रेझिन." थोड्या वेळानं म्हणाले, "रेझिन तर आहे."

हलकं आणि जड लिथियम रेझिनच्या दाण्यांना किंचित वेगळ्या जोरानं चिकटतं, एवढं त्यांनी मला सांगितलं. किंचित म्हणजे इतकं कमी, की एकदा गाळून काहीच कळणार नाही. पण उंच नळीत दाणे भरले आणि द्रावण थेंबाथेंबानं खाली सोडत राहिलं, तर हजारो वेळा चिकटणं आणि सुटणं होऊन पहिल्या आणि शेवटच्या बाटलीत थोडा फरक पडायला हवा. तो पडतो का, एवढंच त्यांना स्वतःच्या हातानं बघायचं होतं.

जुन्या बॉयलरची खोली रिकामी होती. तिथे आम्ही माणसाहून उंच अशा चार काचेच्या नळ्या उभ्या केल्या. मॅनेजरला सरांनी सांगितलं, रेझिनची नवी चाचणी आहे. मी एक वही घातली. दर तासाला किती थेंब, किती वाजता कुठली बाटली भरली. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर आकडे तोंडी सांगायचा, तेही दुसऱ्या दिवशी मीच उतरवायचे. सहा आठवडे. त्या खोलीत बोलावंसं वाटायचं नाही. चार नळ्यांतून चार थेंब पडायचे, एकाच वेळी कधीच नाही, आणि काही दिवसांनी मला घरी जेवतानासुद्धा ते ऐकू यायला लागले. आई म्हणायची, "कान का टवकारतेस? नळ बंद आहे."

सहा आठवड्यांनी सरांनी पहिल्या बाटल्या, शेवटच्या बाटल्या आणि ड्रममधला एक नमुना बांधला. कॉलेजच्या मित्राला सविस्तर पत्र लिहिलं. काय दिसलं, काय वाटतं, काय केलं, सगळं. शेवटी लिहिलं, तुझ्या यंत्रावर एवढं बघून सांग, म्हाताऱ्याची हौस म्हण. मला ते पत्र वाचायला दिलं आणि विचारलं, "बरं झालंय ना?" मी म्हटलं, "छान झालंय, सर." पार्सल मीच पोस्टात टाकलं.

उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी सरांनी मित्राच्या घरी फोन केला. मित्राच्या बायकोनं सांगितलं की ते घरी नाहीत, आणि पुन्हा फोन करू नका. एवढं म्हणून ठेवून दिला.

मग आमच्या गेटसमोर एक करडी जीप दिसायला लागली. चहाच्या टपरीपलीकडे उभी असायची. वॉचमन म्हणाला, वीज मंडळाची आहे. पण वीज मंडळाची माणसं खांबाकडे बघतात, जीपमधले दोघं गेटकडे बघायचे. आमच्या वस्तीतही कुणीतरी येऊन गेलं. शेजारच्या मावशींना विचारून गेलं की ही मुलगी कुठे कामाला जाते, कुणाबरोबर येते-जाते, घरी कोण पाहुणे येतात. मावशींना वाटलं स्थळाची चौकशी आहे. त्यांनी माझी भरपूर स्तुती केली.

बाबांना तसं वाटलं नाही. "काय चाललंय तुमच्या लॅबमध्ये?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पाण्याच्या चाचण्या."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. खोटं मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले होते, आणि ते त्यांना कळलं.

एका बुधवारी मॅनेजरनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. "नळ्या उतरवायच्या," ते म्हणाले. "आजच. मालकांना वरून फोन आला." वरून म्हणजे कुठून ते मॅनेजरलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून तीन नळ्या रिकाम्या केल्या. चौथी सरांनी कापडात गुंडाळली. उरलेल्या काही बाटल्या पिशवीत घातल्या.

"सर, हे कशाला?"

"मी घरी नेतो. बाकीचं ते नेतील, नष्ट करतील. कधी कुणी विचारलं की खरंच केलं होतंत का, तर दाखवायला काहीतरी हवं ना." मग ते थांबले. "हे तुला आणि मलाच माहीत आहे. आणि ऐक. वही तुझ्या अक्षरात आहे. तुला विचारतील. तू सांगायचं, सरांनी सांगितलं ते मी लिहिलं. मला काही कळत नव्हतं. समजलं?"

"पण मला कळत होतं."

"नव्हतं," सर म्हणाले. "तुला काही कळत नव्हतं."

तीन दिवसांनी ते आले. दोन माणसं, साध्या कपड्यांत. एक मराठी, माझ्या मोठ्या भावाच्या वयाचा, बोलायला अगदी मऊ. दुसरा हिंदी बोलणारा, तो बहुतेक गप्पच बसला. त्यांनी वही घेतली, ड्रम सील केले, सरांचं टेबल रिकामं केलं. सरांना जीपमधून घेऊन गेले. संध्याकाळी सोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. तिसऱ्या दिवशी मला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं.

आदल्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं होतं. शेंगदाण्यांपासून जीपपर्यंत. ते ऐकत राहिले. आईनं दार लावून घेतलं. शेवटी बाबा म्हणाले, "तुझे साहेब मोठे आहेत. त्यांना वकील मिळेल, ओळखीचे मिळतील. आपल्याला कोण ओळखतं? उद्या तुला धरलं तर मी कुणाच्या दारात उभा राहू? जे विचारतील ते सांग. काही लपवू नकोस."

"सरांनी मला वाचवायचं बघितलंय, बाबा."

"मग त्यांचं ऐक. वाच."

केबिनमध्ये त्या मराठी माणसानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "ताई, घाबरू नका," म्हणाला. "वही तुमची?"

"अक्षर माझं. सरांनी सांगितलं ते लिहिलं."

"कशासाठी ते माहीत होतं?"

"नाही."

तो हसला. माझी बी.एस्सी.ची मार्कलिस्ट त्याच्यासमोर होती. कॉलेजमधून आणली होती. रसायनशास्त्राच्या मार्कांवर बोट ठेवून तो म्हणाला, "एवढे मार्क, आणि माहीत नव्हतं." मग त्यानं विचारलं, बाबांची नोकरी कायम आहे का, क्वार्टर नगरपालिकेचं आहे ना. नुसतंच विचारलं, धमकी कसलीच दिली नाही. आणि फाईल बंद करत, उठता उठता म्हणाला, "नळ्या चार होत्या असं वहीत आहे. आम्हाला तीन मिळाल्या. चौथी फुटली का?"

फुटली, एवढंच म्हणायचं होतं. तो शब्दही त्यानंच माझ्या तोंडाशी आणून ठेवला होता. मी पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. हिंदी बोलणारा माणूस पहिल्यांदाच पुढे वाकला.

"सरांच्या घरी आहे," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं. खाली माझी सही घेतली. याबद्दल कुठेही बोलणार नाही अशा दुसऱ्या कागदावरही घेतली. सही करताना मी विचारलं, "सरांनी सांगितलं ते बरोबर होतं का? ड्रममधलं?" का विचारलं मला ठाऊक नाही. मराठी माणसानं पेनाचं टोपण लावलं. "ड्रमचं त्यांचं बरोबर होतं, ताई," तो म्हणाला. "नळ्यांचं म्हणाल, तर तुम्ही पोस्टानं पाठवलेल्या बाटल्यांत काही फरक नव्हता. पहिलीत जे, शेवटचीतही तेच. पण ते महत्त्वाचं नाही. असं काही आपण होऊन करायचं नसतं."

त्याच दुपारी ते बदलापूरला, मांजर्लीतल्या सरांच्या घरी गेले. पुढचं मला ऑफिसात ऐकायला मिळालं. इमारतीसमोर दोन गाड्या, जिन्यात शेजारी उभे, घरातल्या गाद्या उसवल्या, पिठाचे डबे ओतून पाहिले. नळी पोटमाळ्यावर होती, ती दहा मिनिटांत सापडली. तरीही संध्याकाळपर्यंत शोधत राहिले.

सरांवर खटला झाला नाही, त्यांना अटकही झाली नाही. आठ महिने त्यांना चौकशीला बोलावत राहिले. कधी सकाळी दहाला बोलावून चारपर्यंत बाकावर बसवायचे आणि मग सांगायचे, आज नको, सोमवारी या. कारखान्यानं त्यांचा राजीनामा घेतला. त्यांच्या मुलाची सरकारी खात्यात निवड झाली होती, नेमणुकीचं पत्र यायचं होतं. ते पोलीस पडताळणीत अडकलं आणि कधी आलंच नाही. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. मी रोज त्याच लॅबमध्ये जात होते. सरांच्या जागी दुसरे आले, त्यांना लिथियमचं काही सांगायचं नाही असा हुकूम होता. ते अकरा ड्रम एका सकाळी झाकलेल्या ट्रकमधून गेले. शेठ मला एकदा बाजारात भेटले. मला पाहून त्यांनी रस्ता बदलला.

सरांकडे जायला मला दीड वर्ष लागलं. त्या पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीत शिरली होती. मी गेले तेव्हा पाणी ओसरून महिना झाला होता, पण तळमजल्याच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर चिखलाची रेघ तशीच होती. सर तळमजल्यालाच राहायचे. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. मी त्यांना काकू म्हणायचे. एकदा कारखान्याच्या पूजेला त्या आल्या होत्या तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यात गजरा माळला होता.

"तूच ना ती?" त्यांनी विचारलं. ओळखत होत्या, तरी विचारलं.

"हो, काकू."

त्या बाजूला झाल्या. आत ये असं म्हणाल्या नाहीत.

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. समोर कपाटाचे ओले कप्पे उन्हात वाळत टाकले होते, त्यांवर पुस्तकं उघडी पसरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी मला बसायला सांगितलं. आईबाबांची चौकशी केली. मी येताना वाटेत जुळवलेलं सगळं विसरले आणि एकदम म्हटलं, "सर, मीच सांगितलं."

"माहीत आहे. त्यांनी तुझी सही दाखवली मला."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "गादीसुद्धा सोडली नाही," त्या म्हणाल्या. "पोराची नोकरी गेली."

"तिला काय बोलतेस," सर म्हणाले. "नळी घरी मी आणली. तिच्या गळ्यात ते गुपित मी बांधलं. बावीस वर्षांच्या मुलीच्या." काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला.

मग सर पुढे वाकले, थेट लॅबमध्ये वाकायचे तसे, आणि हळू आवाजात विचारलं, "तुला त्यांनी काही सांगितलं का? निकाल? मला आठ महिने बसवलं, पण एकदाही सांगितलं नाही. मी हात जोडले. म्हटलं, काय शिक्षा करायची ती करा, आकडा तेवढा सांगा."

मी सही केली होती, कुणाला बोलणार नाही म्हणून. ती मोडायची मला भीती वाटत नव्हती. भीती दुसऱ्या वाक्याची होती.

"ड्रमचं तुमचं बरोबर होतं, सर. हलकं काढलेलंच होतं."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, एवढ्यावरच थांबावं, उठावं, चहा न घेता निघावं.

"आणि नळ्यांचं?"

मी खोटं बोलू शकले असते. केबिनमध्ये एकदा बोलायला हवं होतं तेव्हा बोलले नव्हते, आता बोलून काय भरून निघणार होतं कोण जाणे. आणि सरांना खोटा आकडा दिलेला मला सोसला नसता.

"फरक नव्हता. पहिल्या आणि शेवटच्या बाटलीत सारखंच होतं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. काकू ऐकत होत्या.

"म्हणजे जमलंच नव्हतं," सर म्हणाले. "त्या माळ्यावर काहीच नव्हतं. साधं पाणी." ते हसले नाहीत, रडलेही नाहीत. नुसते समोरच्या पुस्तकांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "वेग जास्त झाला असेल का गं? की नळी आणखी उंच हवी होती?"

"मला माहीत नाही, सर."

"हं," ते म्हणाले. "जा आता. अंधार पडायच्या आत पोच."

काकूंनी दारापर्यंत येऊन माझ्यामागे कडी लावली.

वर्षभरात मी ती नोकरी सोडली आणि उल्हासनगरच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला लागले. लग्न होऊन अंबरनाथ पूर्वेला आले. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात शाळेतून घरी आले तर खालच्या वाण्यानं हाक मारली. म्हणाला, "भाभी, एक माणूस आला होता. तुम्ही इथेच राहता ना, एवढं विचारून गेला." त्या दिवशी नवऱ्याला सांगावं लागलं. त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी यायचं, कधी शाळेत, कधी इमारतीत. नाव सांगायचं नाही, मला भेटायचं नाही. मी अजून तिथेच आहे ना एवढं बघून जायचं. मुलगी झाली तेव्हा वाण्याला तेही विचारून गेले, मुलगा की मुलगी.

सर नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गेले. पेपरात चार ओळी होत्या, अंत्यविधी त्याच दिवशी होता. मी मांजर्लीला गेले, पण घराला कुलूप होतं. सगळे घाटावर गेले होते. शेजारच्या बाईंनी मला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की शेवटची तीन-चार वर्षं सर दहावी-बारावीच्या मुलांना फुकट शिकवायचे. मुलगा आता बदलापूर स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"त्यांच्या हाताखाली होते मी," मी सांगितलं.

समोर, रस्त्याच्या पलीकडे, पांढरा शर्ट घातलेला एक माणूस स्कूटरला टेकून उभा होता. त्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कोण ते कळत नाही. सकाळपासून उभे आहेत. मी विचारलं, मयताला आलात का, तर म्हणाले, नाही, कोण कोण येतं ते बघतोय."

मी उठले आणि घाटाकडे चालायला लागले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मागे वळून पाहिलं नाही.